हवा मोजायची तर स्टेशनवरची नाही, आपल्या नाकासमोरची

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधली गोष्ट. माझ्या मुलाला दमा आहे, तेव्हा तो ८ वर्षांचा होता, सलग तिसऱ्या रात्री त्याला खोकल्याची उबळ आली आणि पहाटे तीनला मी त्याला मांडीवर घेऊन इनहेलर देत बसलेले, एका हातात मोबाईल, त्यात हवेचं अॅप उघडलेलं आणि त्यात फिकट हिरवा रंग, खाली लिहिलेलं ‘समाधानकारक’. हवा समाधानकारक आहे म्हणे आणि माझं लेकरू श्वासाला झगडतंय. त्या रात्री मला ते कोडं सुटलं नाही. सुटलं ते दीड महिन्याने, जेव्हा आम्ही त्याच बेडरूममध्ये उशीपाशी हवेतले बारीक कण मोजणारं एक छोटं मशीन ठेवलं आणि झोपताना नेहमीसारखी मच्छर कॉइल लावली. आकडा बघता बघता दोन आकड्यांवरून तीन आकड्यांवर गेला आणि सकाळपर्यंत खाली आलाच नाही.

तेव्हापासून मी हे मोजतेय, घरात, गाडीवर, ऑफिसात, गावाला. इंजिनियर वगैरे नाहीये मी, अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे आकड्यांची भीती नाही एवढंच. सोसायटीतल्या आणि शाळेच्या ग्रुपमधल्या खूप जणी विचारतात की कसं करायचं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. पुण्याची उदाहरणं देतेय कारण मी हडपसरला राहते, पण पद्धत कुठेही तीच.

आधी आकडा कशाचा आहे ते समजून घ्या

आपण जे मोजणार ते मुख्यतः पीएम २.५. म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करा. नाकातले केस, घशातला चिकटपणा मोठ्या धुळीला अडवतो, हे कण मात्र थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात, म्हणून हवेचा विषय नुसता खोकल्यापुरता राहत नाही, हृदयापर्यंत जातो.

हे मोजतात मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. आता इथे नवीन माणसाचा पहिला घोळ होतो तो म्हणजे एक्यूआय आणि मायक्रोग्रॅम एकच समजणं. एक्यूआय हा हवेच्या गुणवत्तेचा काढलेला निर्देशांक आहे, वजन नाही. आणि प्रत्येक देशाची पट्टी वेगळी. हवेत पीएम २.५ बरोबर ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर एक्यूआय येतो १००, म्हणजे अजून ‘समाधानकारक’, आणि अमेरिकन पट्टीवर तोच १५० च्या वर जातो, लाल रंगात. परदेशी कंपन्यांची बरीच अॅप अमेरिकन पट्टी दाखवतात, म्हणून दोन मैत्रिणी एकाच चौकात उभ्या राहून वेगवेगळे आकडे वाचतात आणि भांडतात. तुम्ही फक्त मायक्रोग्रॅम बघा, भांडण मिटतं.

तुलनेसाठी दोन जोड्या पाठ करा. भारताचं २००९ चं मानक: २४ तासांची सरासरी ६०, वर्षाची ४०. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं: २४ तासांची १५, वर्षाची ५. केवढी तफावत आहे बघा. मी स्वतः ६० ला सुरक्षित मानत नाही, कारण अमुक आकड्याच्या खाली त्रास होतच नाही अशी रेघ आजवर कुणाला सापडलेली नाही. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर १५ कडे बघून चाला, गाठता नाही आलं तरी दिशा ती ठेवा.

आणि हवा मोजणारी सरकारी स्टेशनं वाईट नाहीत हां, उलट आपल्याकडे ती आहेत याचं मला कौतुक आहे. पाषाणच्या आयआयटीएम या केंद्र सरकारच्या हवामान संशोधन संस्थेने ‘सफर’ ही हवेची माहिती देणारी सेवा सुरू केली, दिल्लीत २०१० ला कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी आणि पुण्यात २०१३ ला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अॅप आहे. पण समीरमध्ये दिसतो तो मागच्या २४ तासांच्या सरासरीवरून काढलेला आकडा, तोही स्टेशनपाशी, उघड्यावर. तुम्ही दिवसातला बहुतेक वेळ छपराखाली असता आणि उरलेला वेळ सिग्नलला टेम्पोच्या मागे. स्टेशन शहराची तब्येत सांगतं, तुमच्या छातीत किती गेलं ते नाही सांगत.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा, मशीन नंतर

बहुतेक लोक मशीन घेतात, चार दिवस सगळ्या खोल्यांत फिरवतात, पाहुण्यांना दाखवतात आणि मग ते कपाटात जातं. असं व्हायला नको असेल तर कागदावर एक प्रश्न लिहा, एकच. माझा होता: ‘याला रात्री त्रास होतो तेव्हा बेडरूममध्ये हवा कशी असते?’ माझ्या नणंदेचा होता, ऑफिसला जायचे दोन रस्ते आहेत त्यातला कुठला कमी वाईट. शेजारच्या काकांचा, सकाळी सहाला फिरायला जाऊ का नको. प्रश्नावरून ठरतं मशीन कुठे ठेवायचं, किती दिवस आणि कोणत्या वेळी.

दुसरी पायरी: मशीन

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मीटरमध्ये आतला सेन्सर बहुतेक प्लॅनटॉवर, सेन्सिरियन अशा थोड्याच कंपन्यांचा असतो, बाहेरचा डबा वेगळा. काम असं चालतं की छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरचा झोत त्यावर पडतो, कणांवरून उजेड विखुरतो आणि त्यावरून मशीन कण मोजतं. वजन ते करत नाही, वजनाचा अंदाज बांधतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच येतात.

घेताना मी तीन गोष्टी बघेन. एक, दर मिनिटाला रीडिंग साठवतं का आणि ती फाईल आपल्याला बाहेर काढता येते का, नुसता स्क्रीनवरचा आकडा काही कामाचा नाही. दोन, आर्द्रता आणि तापमान सोबत दाखवतं का. तीन, बॅटरी दिवसभर पुरते का किंवा पॉवरबँकवर चालतं का. ‘फॉर्मल्डिहाइड, टीव्हीओसी, सगळं एकात’ अशा जाहिरातीला भुलू नका, इतक्या स्वस्तात हे वायू धड मोजले जात नाहीत.

काय दिसत नाही तेही आत्ताच ऐका. हे सेन्सर ०.३ मायक्रॉनच्या खालचे कण नीट बघू शकत नाहीत. जाडी धूळसुद्धा त्यांना नीट कळत नाही, म्हणून बांधकामाशेजारी उभं राहिल्यावर डोळ्यांत सिमेंट जातंय आणि मशीन शांत, असं होतं, त्या वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवा. वायू तर दिसतच नाहीत. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे कोळसा जळताना निघणारा विषारी वायू, तर अजिबात नाही. हे मी ठळक सांगतेय कारण आपल्याकडे बाळंतिणीला शेक द्यायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, तिथे धूर कमी झाला आणि पीएमचा आकडा खाली आला की हवा ठीक झाली असं मुळीच समजू नका, लालबुंद निखारा बिनधुराचा असतो आणि तोच जिवावर बेततो. दार-खिडकी उघडी पाहिजेच.

तिसरी पायरी: मशीन खरं बोलतंय का

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

साधी तपासणी आधी. कुणाकडे हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणारा) एअर प्युरिफायर असेल तर त्यांच्या खोलीत दार लावून तासभर तो चालवा आणि मशीन तिथे ठेवा. आकडा एक आकडी, जवळजवळ शून्यावर यायला पाहिजे. २० वर अडकून बसला तर एकतर खोलीत बाहेरची हवा येतेय किंवा सेन्सर घाण झालाय.

मग दोन मशीन शेजारी शेजारी. मैत्रिणीकडे असेल तर एक दिवसभर दोन्ही एका टेबलावर ठेवा. दोघांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो, दुपटीचा नाही.

आणि मग खरी कसोटी, सरकारी स्टेशनशी. पुण्यात शिवाजीनगर, कर्वे रोड, हडपसर, लोहगाव अशा भागांत स्टेशनं आहेत. त्यांच्या जवळ राहणारं कुणीतरी ओळखीचं निघतंच, त्यांच्या गॅलरीत, पावसापासून आडोशाला, मशीन आठवडाभर ठेवा. केंद्रीय मंडळाच्या वेबसाईटवरून त्या स्टेशनचे तासातासाचे पीएम २.५ चे आकडे डाउनलोड होतात, एक्यूआय नाही, मायक्रोग्रॅम. तुमच्या मिनिटामिनिटाच्या रीडिंगची तासाची सरासरी काढा आणि एक्सेलमध्ये शेजारी लावा. समजा त्यांचं सरासरी ५० आणि तुमचं ७० आलं, तर तुमच्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणायचं. झालं तुमचं करेक्शन.

फक्त दोन गोष्टी ध्यानात असू द्या. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि मशीनला ते मोठे वाटतात, आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की आकडा वाढीव येतो, म्हणून पावसाळ्याचं करेक्शन हिवाळ्याला लावू नका आणि मुंबई-कोकणातल्या लोकांनी तर याकडे बारा महिने लक्ष ठेवा. दुसरं, रस्त्यावरच्या हवेसाठी काढलेलं करेक्शन कॉइलच्या किंवा फोडणीच्या धुराला जसंच्या तसं लागू होत नाही, धूर वेगळा, कण वेगळे. म्हणून मी घरातल्या आकड्यांना ‘साधारण इतकं’ असंच म्हणते आणि आधी-नंतरची तुलना करते, त्यात मशीनची चूक दोन्हीकडे सारखी असल्यामुळे बरीचशी कटून जाते.

चौथी पायरी: अंगावर वागवणं

संशोधक लोक ज्याला श्वासाची जागा म्हणतात ती म्हणजे नाक-तोंडापासून फूटभराच्या आतली जागा. मशीन तिथे पाहिजे. पर्समध्ये नाही, खिशात नाही, स्कूटीच्या डिकीत तर नाहीच नाही. मी सॅकच्या पट्ट्याला खांद्याजवळ वेल्क्रोने लावते, हवा ओढायचं भोक बाजूला राहील असं, कारण गाडी चालवताना समोरून वारा सरळ भोकात घुसला तर आतल्या छोट्या पंख्याचा ताल बिघडतो आणि रीडिंग उड्या मारतं. स्कार्फ भोकावर येणार नाही तेवढं बघा.

स्कार्फवरून आठवलं. आम्ही पुण्याच्या पोरी कॉलेजपासून तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवतो, ऊन आणि धूळ अडते हे खरं, पण पीएम २.५ साठी त्याचा उपयोग नसल्यात जमा. गालाला घट्ट बसलेला एन९५ वेगळा, त्याचा उपयोग होतो, बाजूने फट राहिली तर तोही गेला.

घरात असताना मशीन तुम्ही ज्या खोलीत आहात तिथे, बसल्यावर नाक येईल त्या उंचीला. झोपताना उशीजवळ, पण पांघरुणाच्या झटक्यापासून आणि पंख्याच्या थेट झोतापासून लांब. चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं सोडून द्या.

किती दिवस? कमीत कमी ७, म्हणजे रविवार येतोच. आणि त्या आठवड्यात नेहमीसारखं वागा. मशीन लावलंय म्हणून कॉइल लावायची नाही, अगरबत्ती नको, असं पहिल्या आठवड्यात केलंत तर तुम्ही कुणा दुसऱ्याचंच घर मोजताय. सासूबाईंना मी हेच सांगितलं, तुमची पूजा, धूप, सगळं रोजच्यासारखं होऊ द्या.

पाचवी पायरी: डायरी

डायरीशिवाय तो आलेख म्हणजे नुसते डोंगर. रात्री नऊला एक सुळका दिसतो, तो कशाचा, आठवत नाही. चार रकाने पुरतात: वेळ, कुठे, काय चालू होतं, खिडकी उघडी का बंद. मला लिहायला वेळ नसतो म्हणून मी स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकते, ‘८.१० फोडणी’, ‘९.०५ हडपसर गाडीतळ ट्रॅफिक’, ‘६.४० खाली कुणीतरी पालापाचोळा जाळतंय’, वेळ आपोआप पडते. संध्याकाळी एकदा बसून एक्सेलमध्ये भरायचं.

सहावी पायरी: हिशोब

आता माझ्या आवडीचा भाग. तुमच्या छातीवर पडणारा भार म्हणजे हवेतला आकडा गुणिले तिथे घालवलेला वेळ. समजा एखादीचा दिवस असा आहे:

झोप ८ तास, आकडा ४०, गुणाकार ३२०
स्वयंपाक १ तास, १५०, म्हणजे १५०
घरी इतर वेळ ४ तास, ४५, म्हणजे १८०
ऑफिस ९ तास, ३०, म्हणजे २७०
रस्ता २ तास, ११०, म्हणजे २२०

बेरीज ११४०, भागिले २४, सरासरी साडेसत्तेचाळीस. रस्त्यावर दिवसाचा फक्त बारावा भाग गेला पण भाराचा जवळपास पाचवा हिस्सा तिथला. एक तास स्वयंपाकाचा, त्याचा तेरा टक्के. आणि सगळ्यात मोठा हिस्सा कुणाचा, तर झोपेचा, आकडा फार नसतानाही, कारण तास जास्त. आता त्याच बेडरूममध्ये कॉइल लावली आणि रात्रभर आकडा ४० च्या जागी २०० राहिला असं धरा. बेरीज होते २४२०, सरासरी १०० च्या वर. बाकी दिवस जसाच्या तसा, रस्ता तोच, ऑफिस तेच, आणि भार दुपटीपेक्षा जास्त. मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा रडले होते, खोटं कशाला बोलू, कारण मुलाला डास चावू नयेत म्हणून ती कॉइल मीच रोज लावत होते. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात असं २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात आहे, ते मी नंतर वाचलं.

अजून एक पायरी पुढे जायचं असेल तर श्वासही धरा. बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो, जोरात सायकल मारणारा किंवा पळणारा ४० च्या वर. म्हणजे त्याच रस्त्याने तेवढाच वेळ रिक्षात बसून जाणारी बाई आणि सायकलवाला, हवा एकच पण आत जाणारं कितीतरी पट वेगळं. शेजारच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पुणे बशीसारखं डोंगरांच्या मध्ये बसलेलं, हिवाळ्यात रात्री थंड हवा खाली दबते आणि धूर वर जात नाही, त्यामुळे पहाट आणि उशिराची संध्याकाळ वाईट, दुपारी ऊन तापलं की हवा मोकळी होते. पहाटे सहाला भरभर चालणं म्हणजे सगळ्यात वाईट वेळी सगळ्यात मोठे श्वास. काका आता थंडीत साडेनऊनंतर जातात, चालणं मात्र सोडलेलं नाही आणि सोडूही नये.

गावाकडे मोजताना

माझी मावशी शिरूर तालुक्यात असते. गॅस आहे तिच्याकडे, पण चहा आणि भाजीपुरता, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी बंबात. मी मशीन घेऊन गेले, चुलीसमोर ती बसते तिथे धरलं तर आकडा वर वर जात शेवटी अडकलाच, इतक्या दाट धुरासाठी ते मशीन बनलेलंच नाही. तुम्हीही चुलीजवळ मोजाल तर तो आकडा अचूक धरू नका, ‘मशीनच्या आवाक्याबाहेर’ एवढंच लिहा, आणि नंतर लगेच मशीन मोकळ्या हवेत चालू ठेवा म्हणजे आतली काजळी थोडी कमी बसेल.

खरं तर अंगावर मशीन लावून मोजायची भारतातली सुरुवातच चुलीपासून झाली. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर नमुना घ्यायची यंत्रं लावली, ते काम १९८३ साली छापून आलं. तोपर्यंत प्रदूषण म्हणजे कारखान्याचं धुराडं आणि मोटारी असंच सगळे धरून चालायचे, चुलीपुढची बाई कुणाच्या हिशोबातच नव्हती. मला मावशीकडे बघून हे फार लागतं. चाळीस वर्षांवर होऊन गेली आणि ती अजून तिथेच फुंकणी घेऊन बसलीय.

मावशीला मी आकडे दाखवले नाहीत, बंब अंगणात न्यायला सांगितला आणि चुलीच्या वरची खिडकी, जी पोत्याने बंद केली होती, ती उघडली. आत जिथे ती बसते तिथला धूर नुसत्या डोळ्यांनाही कमी झालेला कळला. गॅसवर भाकरी चांगली होत नाही हे तिचं म्हणणं मी खोडत नाही, तिचं खरं आहे, पण सिलिंडरचा खर्च हेही कारण आहे आणि ते ती बोलत नाही.

सातवी पायरी: तब्येतीचं मोजमाप

इथे जपून. हवेचा आकडा आणि तुमचं दुखणं यांची थेट गाठ मारायची घाई करू नका.

दमा असेल तर सगळ्यात उपयोगी वस्तू पीक फ्लो मीटर, प्लॅस्टिकची साधी नळी असते, मेडिकलमध्ये मिळते. उभं राहायचं, पोटभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावून एका दमात जोरात फुंकायचं, तीनदा, आणि तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, औषध घ्यायच्या आधी. तब्येत चांगली असताना दोन-तीन आठवडे केलं की स्वतःचा सर्वोत्तम आकडा कळतो. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर हिरवं, ५० ते ८० पिवळं, ५० च्या खाली लाल, आणि पिवळ्यात आणि लालमध्ये काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, रात्री तीनला ठरवत बसायची वेळ येऊ नये. लालमध्ये गेलं तर मोजत बसू नका, निघा.

सोबत लक्षणांची नोंद: खोकला, छातीत सूं सूं, रात्री जाग, इनहेलर किती वेळा. शून्य ते तीन असे गुण द्या म्हणजे मांडता येतात. आणि औषध बदललं, सर्दी झाली, पाहुणे आले, सगळं लिहा, कारण सर्दीनेही पीक फ्लो पडतो आणि दोष हवेला जातो. जुळवताना त्याच दिवसाबरोबर आदल्या एक-दोन दिवसांची हवाही बघा, त्रास कधी कधी उशिरा येतो. आमच्याकडे एका वाईट रात्रीचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळच्या फुंकरीत दिसायचा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या कामाचा नाही, त्याचा आकडा पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आणि जे सगळ्यात गंभीर आहे ते तुमच्या डायरीत कधीच दिसणार नाही. हृदयविकार, लकवा, फुफ्फुसाचा कॅन्सर, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), कमी वजनाचं बाळ, हे वर्षानुवर्षांच्या भाराने होतं आणि हजारो माणसांत तुलना केली तरच कळतं. अमेरिकेत सहा शहरांतल्या ८ हजारांवर लोकांचा १४ ते १६ वर्षं पाठपुरावा केला, १९९३ ला निष्कर्ष आले, सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं, सिगारेट वगैरे बाजूला काढून. आणि तिथली ‘घाण’ हवा आपल्याकडच्या बऱ्याच हिवाळ्यांपेक्षा बरी होती. म्हणून ‘मला तर काही होत नाही’ याला अर्थ नाही.

आम्ही काय बदललं

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा सात दिवस मोजा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आम्ही आधी कॉइल बंद केली आणि मच्छरदाणी लावली, खिडकीला जाळी बसवली. रात्रीचा आकडा बाहेरच्या हवेइतका खाली आला. मग फोडणीच्या आधी दोन मिनिटं एक्झॉस्ट चालू करायची सवय, नंतर नाही, आधी. धूप-अगरबत्ती देवघरातून गॅलरीत गेली, सासूबाईंनी स्वतः आलेख बघून ठरवलं, मी काही बोलले नव्हते. भावाकडे बाळ झालं तेव्हा ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची का यावर घरात बरीच चर्चा झाली, शेवटी बाळाच्या खोलीत धूर नको हे सगळ्यांनी मानलं, आजीने शेक कोरड्या गरम कपड्याने दिला. खिडक्या हिवाळ्यात दुपारी उघडायच्या आणि संध्याकाळी लवकर बंद. ऑफिसला जाताना मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीने पाच मिनिटं जास्त लागतात पण आकडा दर वेळी कमी.

काही गोष्टींना आपला हात पोचत नाही. समोरच्या प्लॉटवर रोज कचरा जळायचा, तिथे आमच्या आलेखाचे प्रिंट, तारीख-वेळेसह आणि फोटोसह, अर्जाला जोडले. नुसती ‘फार त्रास होतो’ अशी तक्रार आधी तीनदा केली होती, उत्तर आलं नव्हतं, आकडे जोडल्यावर माणूस बघायला आला. घरगुती मशीनचे आकडे कायदेशीर पुरावा धरत नाहीत, पण कधी आणि किती वेळा जळतं हे त्यातून स्पष्ट दिसतं.

कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी विचारतात त्यांच्यासाठी: खरी पक्की पद्धत म्हणजे छोटा पंप कमरेला, नळी कॉलरपाशी, त्यात मोठे कण वगळणारं तोंड आणि टेफ्लॉनचा फिल्टर, तो फिल्टर आधी आणि नंतर ठरावीक तापमान-आर्द्रतेत ठेवून अतिसूक्ष्म तराजूवर तोलतात, फरक म्हणजे धूळ. याला लॅब लागते. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी मात्र स्वस्त नळ्या असतात, विजेशिवाय, दोन ते चार आठवडे टांगून ठेवायच्या आणि लॅबला पाठवायच्या, रस्त्यालगतच्या शाळांसाठी मला ती पद्धत फार चांगली वाटते.

डॉक्टरांकडे जाताना सगळी एक्सेल नेऊ नका, एक पान न्या: वर पीक फ्लो, खाली बेडरूमची रोजची सरासरी, मध्ये सर्दी-औषधाच्या खुणा. आमच्या डॉक्टरांनी ते पान दोन मिनिटं शांतपणे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘१८ तारखेला काय झालं होतं?’ त्या दिवशी शेजारी लग्नाची वरात होती आणि फटाके.

वर्षातून निदान दोनदा पुन्हा मोजा, एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात, रकाने तेच ठेवा. आमची तिसरी फेरी दिवाळीच्या आठ दिवस आधी सुरू होते, कारण फटाके वाजायच्या आधीचे आकडे हातात नसले तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार.